ओंजळीत मावेल तेवढं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू मानसशास्त्र शिकवतोस, तर स्मृतीवर बोल. आठवणींचाच कार्यक्रम आहे." मी हो म्हणून बसलो. मग विचार केला, चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणी इथं प्रत्येकजण सांगणारच आहे, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगणार आहे. त्यात मी काय भर घालू? म्हणून मी त्या मोठ्या स्मृतीबद्दल बोलणार नाही. तिची एक धाकटी बहीण आहे. ती फक्त काही सेकंद जगते. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, पण तिच्याशिवाय आपलं पान हलत नाही.

सुरुवात आपल्या स्काउटच्या तासापासून करू. ताटातल्या वस्तूंचा खेळ आठवतो का? ताटात वीसेक वस्तू मांडायच्या, वर फडकं टाकायचं, मिनिटभर फडकं काढायचं, पुन्हा झाकायचं आणि म्हणायचं, लिहा आता. हा खेळ किपलिंगच्या 'किम' या कादंबरीतून बेडन-पॉवेल यांनी उचलला आणि जगभरच्या स्काउटांना लावून दिला. कादंबरी १९०१ सालची. आज मी तसंच एक ताट आणलंय. मघाशी चहाच्या वेळी तुम्ही ते पाहिलंत. बारा वस्तू होत्या: किल्ली, लिंबू, खडू, शिट्टी, एसटीचं तिकीट, लाल रिबीन, सुपारी, कर्कटक, बटण, नाणं, काडेपेटी आणि चमचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी सहा-सात लिहिल्या. दोघींनी नऊ लिहिल्या. त्या तेव्हाही हुशार होत्या. ताट आता इथं व्यासपीठावर उघडंच ठेवतोय, राहू दे.

पण गंमत अशी की तुम्ही नुसतं पाहिलं नाहीत. तुमचे ओठ हलत होते: किल्ली, लिंबू, खडू… म्हणजे डोळ्यांचं काम तुम्ही जिभेकडं दिलंत. डोळ्यांना एकटं सोडलं तर किती वस्तू राहतील?

हे मोजण्याची एक साधी पद्धत आहे. अमेरिकेत स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगल यांनी ती १९९७ साली वापरली. पडद्यावर काही रंगीत चौकोन सेकंदाचा दहावा भाग दाखवायचे. मग जेमतेम सेकंदभर पडदा कोरा. मग पुन्हा चौकोन. एखाद्याचा रंग बदललाय का, एवढंच सांगायचं. दोन-तीन चौकोन असले की कोणी चुकत नाही. चारपर्यंतही बरं जमतं. त्यापुढं मात्र प्रत्येक वाढत्या चौकोनागणिक उत्तरं घसरतात. त्यांच्या हिशोबाने आपण एका वेळी तीन-चार वस्तूच डोळ्यांपुढे धरून ठेवू शकतो.

या धरून ठेवण्याला शास्त्रात दृश्य कार्यरत स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली कार्यरत स्मृतीचा आराखडा मांडला, त्यात शब्दांसाठी एक जागा होती आणि चित्रांसाठी दुसरी. मी तिला ओंजळ म्हणतो. आपल्या गडावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिन्ही कोठारं आपण लपाछपीत पालथी घातली आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं ज्यात साठतं ते मनातलं अंबरखाना. पण अंबरखान्यात धान्य टाकायचं असो नाहीतर त्यातून काढायचं असो, ओंजळीशिवाय होत नाही. आणि ओंजळ एवढीशीच असते.

ती नेमकी कशी भरते यावर शास्त्रज्ञांचं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, भिंतीला तीन-चार खुंट्या ठोकल्यात. चार टोप्या अडकल्या की पाचवी खाली पडते. दुसरा पक्ष म्हणतो, खुंट्या वगैरे काही नाहीत. पिठाचा एक गोळा आहे. दोन भाकरी केल्या तर जाडजूड होतील, आठ केल्या तर पातळ होतील, फाटतीलही. म्हणजे जास्त वस्तू धरता येतात, पण प्रत्येक अंधुक होत जाते. २००८ साली एकाच वर्षात दोन्ही पक्षांनी आपापले भक्कम पुरावे छापले, आणि वाद अजून चालू आहे. आपल्यापुरता निष्कर्ष मात्र दोघांचा एकच: ओंजळ लहान आहे.

तुम्ही म्हणाल, असं कसं? मला तर समोरचं सगळं दिसतंय. तीनशे माणसं, स्टेज, फुलांच्या माळा. दिसतंय, खरं आहे. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० साली दाखवलं की नजरेला क्षणभर जवळजवळ सगळं मिळतं. बारा अक्षरं क्षणार्धात दाखवली तर लोक चार-पाचच सांगू शकायचे. पण अक्षरं नाहीशी झाल्याबरोबर एक सूर वाजवून 'फक्त वरची ओळ सांगा' किंवा 'फक्त खालची सांगा' म्हटलं, की कुठलीही ओळ बरीचशी सांगता यायची. म्हणजे बाराही आत आली होती. पण सेकंदभरही थांबली नाहीत. तीन दरवाजाच्या बाहेर जत्रा भरावी आणि आत चारच माणसांना सोडावं, तसं हे आहे.

मग त्या चौघांना निवडतो कोण? इथं अवधान येतं. लक्ष. अवधान म्हणजे दारावरचा पहारेकरी. तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तो आत. बाकीचे कितीही मोठे असोत, कितीही समोर असोत, ते बाहेरच.

कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात १९९८ साली एक प्रयोग छापून आला. एक अनोळखी माणूस वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोन कामगार एक मोठं लाकडी दार घेऊन दोघांच्या मधून जातात. त्या आडोशात पत्ता विचारणारा बदलतो. उंची वेगळी, आवाज वेगळा, कपडे वेगळे. वाटसरूंपैकी जवळपास निम्म्यांनी नव्या माणसाला तसाच पुढचा पत्ता सांगितला! त्यांचं लक्ष पत्त्यावर होतं, माणसावर नव्हतं. आज सकाळी गेटवर तुम्ही मला मिठी मारून दुसऱ्याच मित्राच्या नावानं हाक मारलीत, त्याचं मी वाईट वाटून घेतलेलं नाही ते यासाठी.

पहारेकरी आणि ओंजळ यांचं नातं मात्र एकतर्फी नाही. ओंजळीत जे आहे, तेच पहाऱ्याला हुकूम देतं. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर तुम्ही लाल पिशवीवाल्या मावशींना शोधताय. मनात लाल पिशवी धरलीय. त्या दहा मिनिटांत तुम्हाला लाल साडी दिसते, लाल डबा दिसतो, लाल बादली दिसते. शेजारून तुमचा सख्खा भाऊ हात हलवत जातो, तो दिसत नाही. लक्षाने ओंजळ भरली, आता ओंजळ लक्षाला हाकतेय. रॉबर्ट डेसिमोन आणि जॉन डंकन यांनी १९९५ साली हेच सूत्र मांडलं: दिसणाऱ्या वस्तूंची मेंदूत चढाओढ चालू असते, आणि आपण मनात जे धरून ठेवलंय त्याच्याशी जुळणाऱ्याला झुकतं माप मिळतं.

पन्हाळ्यावर उभं राहून हे सांगताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६६० साली मार्चपासून सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला होता. महिनेच्या महिने पहारे कडक. मग गडावरून शरणागतीची बोलणी सुरू झाली आणि भर पावसात पहारा सैल पडला. १२ जुलैच्या रात्री महाराज बाहेर पडले, राजदिंडीच्या वाटेने असं आपण लहानपणापासून ऐकलंय. दुसऱ्या पालखीत नेबापूरचे शिवा काशीद महाराजांच्या वेशात बसले. शत्रूचे स्वार राजाची पालखी शोधत होते. ती सापडली. आणि सापडली म्हटल्यावर शोध थांबला. खरा प्रकार उघड होईपर्यंत महाराज विशाळगडाच्या वाटेवर पुढे गेले होते. शिवा काशीदांनी त्याची किंमत प्राणाने मोजली, आणि पुढे खिंडीत बाजीप्रभूंनी.

शाळेत असताना मला ही वेषांतराची गोष्ट वाटायची. आता मला वाटतं, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. शत्रूच्या मनात जी प्रतिमा धरलेली होती, त्या प्रतिमेच्या जागी एक माणूस स्वतः जाऊन बसला. सगळ्या छावणीचं लक्ष त्यानं आपल्या अंगावर ओढून घेतलं, परिणाम माहीत असताना.

हवं ते सापडलं की शोध थांबतो, हा दोष फक्त वेढ्यातल्या स्वारांचा नाही. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांमध्ये तो इतका ओळखीचा आहे की प्रशिक्षणात त्याबद्दल वेगळी ताकीद देतात: एक गाठ सापडली म्हणून थांबू नका, दुसरी शोधा. २०१३ साली छापलेल्या एका प्रयोगात २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळे कुठं फिरले याची नोंद होती. न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. नजर गेली, अवधान गेलं नाही. हे त्या विषयातले तज्ज्ञ होते, म्हणून हे घाबरवणारं आहे.

आता मी आज खरं ज्यासाठी उभा आहे, तिथं येतो.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. वाडीवरून चालत यायचा. पावसाळ्यात धुक्यातून भिजलेला यायचा आणि मागच्या बाकावर बसायचा. त्याचं नाव घेत नाही, पण तुम्हाला कळलंय. काल संध्याकाळी त्याच्याबरोबर चहा घेतला आणि हे सांगायची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांग की मर्दा, त्यात काय चोरी हाय!"

पाचवीत आपल्याला इंग्रजी सुरू झालं. फळ्यावर लिहिलेलं वहीत उतरवायचं. आपण एकदा वर बघायचो, दोन-तीन शब्द उतरवायचो. तो एकदा वर बघायचा, एक अक्षर उतरवायचा. पुन्हा वर. पुन्हा एक अक्षर. त्याची दुसरी ओळ होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. मग वही अर्धी, मग शिक्षा, आणि रोज ऐकायला मिळणारं एकच वाक्य: "लक्ष कुठाय तुझं?" मी मॉनिटर होतो. अपुऱ्या वह्यांची यादी मी करायचो. त्याचं नाव मी सगळ्यांत वर लिहायचो, आणि वर्ग हसायचा म्हणून मला ते आवडायचं. नववीनंतर तो आला नाही. आपल्यापैकी कोणी विचारलंही नाही.

पुढे हा विषय शिकलो तेव्हा कळलं की त्या मुलाचं लक्ष अगदी तिथंच होतं. आमच्यापेक्षा जास्त होतं. फळ्यावरून उतरवणं म्हणजे काय, ते जरा सावकाश बघा. वर बघायचं, एक तुकडा ओंजळीत घ्यायचा, मान खाली घालायची, तो सांडू न देता वहीत ओतायचा, पुन्हा वर बघून फळ्यावरची नेमकी जागा शोधायची. तुकडा केवढा घेता येतो, ते ओळखीवर अवलंबून आहे. 'पन्हाळगड' हा शब्द आपण एका नजरेत उचलतो, कारण तो आपल्यासाठी एकच वस्तू आहे. निपाणी-बेळगावकडच्या बसवरची कन्नड पाटी उतरवायला सांगितली तर? ज्याला कन्नड येत नाही तो एकेक वळण बघून काढेल, आणि प्रत्येक वळणाला मान वर करेल. त्या मुलासाठी इंग्रजी अक्षर ही अशी कन्नड पाटी होती. घरात त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. आपल्यापैकी काहींच्या घरी पाचवीच्या आधीच एबीसीडी झाली होती.

ओळखीचा हा परिणाम बुद्धिबळात मोजला गेलाय. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातला पट असेल तर तरबेज खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी जागच्या जागी मांडायचा. पण मोहरी कशीही विखुरली की तोही नवशिक्याच्या पंगतीला. त्याची ओंजळ मोठी नव्हती. त्याच्या ओंजळीत एकेका दाण्याऐवजी भरलेली कणसं मावत होती.

दुसरी गोष्ट, ओंजळ सगळ्यांची सारखी नसते. ब्रिटनमध्ये सुझन गॅदरकोल, ट्रेसी अलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यरत स्मृती कमी असलेली शाळकरी मुलं अभ्यासली. या मुलांबद्दल त्यांच्या शिक्षकांचं मत काय होतं? 'स्मरणशक्ती कमी' असं ते म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, लक्ष नाही, चंचल आहे. मूल सूचना ऐकतं, अर्धी ओंजळीतून गळते, मग ते इकडे तिकडे बघतं, आणि आपल्याला फक्त ते बघणं दिसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. व्होगल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना सांगितलं, फक्त लाल पट्ट्या लक्षात ठेवा, निळ्या सोडून द्या. आणि मेंदूच्या विद्युतलहरींवरून पाहिलं की आत खरोखर किती वस्तू धरल्या जाताहेत. ज्यांची क्षमता जास्त होती ते निळ्या पट्ट्या बाहेर ठेवत होते. ज्यांची कमी निघाली, त्यांच्या ओंजळीत नको असलेल्या निळ्याही येऊन बसत होत्या. म्हणजे 'कमी मावतं' याचं एक कारण 'नको ते आत येतं' हे आहे. पहारा आणि ओंजळ इथं एकच होतात. आता सांगा, ज्याला घरी गेल्यावर म्हशी सोडायच्यात, ज्याचे कपडे ओले आहेत, ज्याला आज पुन्हा यादीत नाव येणार म्हणून धास्ती आहे, त्याच्या ओंजळीत किती निळ्या पट्ट्या असतील? आणि त्यातली एक मी स्वतः रोज टाकत होतो.

या मुलाला समजणारं एकच माणूस शाळेत होतं, आपले चित्रकलेचे सर. सर आपल्याला सज्जाकोठीसमोर बसवायचे आणि म्हणायचे, "पाठ करून काढू नका. बघून काढा. पुन्हा बघा." तिथं तो मुलगा पंचवीस वेळा मान वर करायचा आणि त्याचं चित्र सगळ्यांत नेटकं यायचं. सरांना शास्त्र माहीत नव्हतं, पण ते बरोबर होते. डॅना बॅलर्ड आणि मेरी हेहो यांनी १९९५ साली लोकांना रंगीत ठोकळ्यांची नक्षी बघून तशीच दुसरी मांडायला सांगितली. लोक नक्षी पाठ करत नव्हते. बहुतेक वेळा एका ठोकळ्यासाठी दोनदा बघत होते: एकदा रंगासाठी, एकदा जागेसाठी. समोर आहे ते कशाला धरून ठेवायचं? पुन्हा बघायचं. जिथं पुन्हा बघायची मुभा आहे तिथं लहान ओंजळ आड येत नाही. फळा पुसला की येते.

आज त्या मुलाचं गॅरेज आहे. काल त्याला विचारलं, इंजिन खोललं की कुठला नट कुठला हे लक्षात कसं ठेवतोस? तो हसला. "लक्षात कोण ठेवतंय? गोणपाट हातरायचं. काढलं त्या क्रमानं डावीकडनं मांडत जायचं. बसवताना उजवीकडनं सुरू." चाळीस वर्षांपूर्वी त्याला जे कोणी दिलं नाही, ते त्यानं स्वतः करून घेतलं. त्यानं न पुसला जाणारा फळा बनवला.

एक मिनिट थांबतो. मघाशी संयोजक मला पाणी द्यायला वर आले होते. त्यांनी जाताना तुमच्या देखत या ताटातली एक वस्तू उचलून नेली. कोणी पाहिलं? … कोणीच नाही? … हां, तो तिसऱ्या रांगेतला छोकरा हात वर करतोय. काय नेलं बाळ? शिट्टी! शाबास. त्याला भाषणात काडीचा रस नव्हता, त्याचं सगळं लक्ष शिट्टीवर होतं. ती त्यालाच द्या.

याच्यावरून आपल्या वयाकडे येऊ. २०१३ साली जेम्स ब्रॉकमोल आणि रॉबर्ट लोगी यांनी ८ ते ७५ वर्षांच्या ५५,७५३ लोकांची ही दृश्य स्मृती इंटरनेटवरून तपासली. ती विसाव्या वर्षी शिखरावर असते, मग सरळ उतार. पंचावन्नाव्या वर्षी आपण आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्याही खाली असतो! म्हणजे चाळीस वर्षांनी शाळेत आलो, ते थेट तिसरीत बसायला. हे हसण्यावारी न्या, पण यातून दोन गोष्टी घ्या. एक, स्वयंपाकघरात गेल्यावर 'मी कशाला आले होते' असं झालं की लगेच मोठ्या आजाराच्या भीतीनं रात्र जागून काढू नका. त्यातलं बरंचसं वयाचं आहे. घरच्यांना काळजी वाटण्याइतकं रोजचं जगणं अडायला लागलं, तर मात्र डॉक्टरांकडे जा, लाजू नका. दोन, ॲडम गॅझली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की वयस्कांचा मेंदू हवं त्याकडे लक्ष द्यायला कमी पडत नाही. नको ते बाहेर ठेवायला कमी पडतो. म्हणून टीव्ही चालू ठेवून हिशोब करू नका. एका वेळी एक काम, आणि बाकीचं गोणपाटावर मांडा. किल्लीला एक खिळा, औषधाला एक डबी, बाजाराला एक चिठ्ठी.

ओंजळ मोठी करता येते का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणारे खूप आहेत. २०१३ साली नॉर्वे-ब्रिटनच्या संशोधकांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. त्या खेळांनी माणूस त्याच खेळात तरबेज होतो. वाचन, गणित किंवा लक्ष यांत त्याची भर पडल्याचं दिसलं नाही. अबॅकसचे क्लास आपल्याकडे गावोगाव आहेत, म्हणून तेही सांगतो. बडोद्याच्या एका शाळेत मुलांवर तीन वर्षं चाललेला प्रयोग २०१६ साली छापून आला. मनातल्या अबॅकसने मुलांची बेरीज-वजाबाकी सुधारली. कार्यरत स्मृती वाढली नाही. म्हणजे हिशोबासाठी शिकवा, बुद्धी वाढेल म्हणून नको.

आणि एक विनवणी. संध्याकाळी आपण परत जाणार आहोत. वाघबीळपर्यंतचा घाट, धुकं, समोरून येणाऱ्या गाड्या. फोन कानाला नसून गाडीच्या स्पीकरवर असला म्हणून ओंजळ मोकळी राहत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्ट्रेयर यांनी दाखवलंय की हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्यावरच्या वस्तूवर गेली, तरी नंतर ती वस्तू त्यांना ओळखता येत नाही. त्या गोरिलासारखंच. वळणावर उभं असलेलं पोर गोरिलापेक्षा पुष्कळ लहान असतं. ग्रुपवर फोटो उद्या टाका. फोन घरी पोचल्यावर करा.

शेवटी, आज इथं बसलेल्या गुरुजनांना आणि आपल्यातले जे शिक्षक झालेत त्यांना एक मागणं. फळा पुसायच्या आधी एकदा मागच्या बाकाकडे बघा. अर्धा फळा राहू द्या. सूचना एका वेळी एक द्या. आणि 'लक्ष कुठाय तुझं' असं विचारावंसं वाटलं, तर खरंच विचारा. रागावून नको, उत्तर हवं म्हणून विचारा. ते मूल सांगेल. पुष्कळदा ते लक्ष आपण धरलंय त्याच ठिकाणी असतं, फक्त त्याच्या हातातून सांडलेलं असतं.

मित्रा, तू मागच्याच रांगेत बसलायस, सवयीनं. मॉनिटर म्हणून मी केलेल्या सगळ्या याद्या चुकीच्या होत्या. चाळीस वर्षं उशिरा, सगळ्या वर्गासमोर, मी तुझी माफी मागतो. दुपारच्या जेवणाला पुढच्या पंगतीत ये. माझ्या शेजारची जागा मी धरून ठेवतो. एवढं एक आज माझ्या ओंजळीतून सांडणार नाही.